अध्यक्षांचा टणत्कार

४ ऑक्टोबर

आज मंडळाच्या फाटकावर नोटीस लागली. मी कुलूप काढायला गेलो तेव्हा ती डाव्या खांबावर चिकटवलेली होती, डिंक अजून ओला होता. आधी वाटलं, नेहमीप्रमाणे कुणाचं तरी मांजर हरवलं असेल. पण मजकूर सरकारी निघाला. हे मैदान आमच्या मंडळाला धनुर्विद्येच्या प्रत्यक्ष वापरासाठी दिलेलं आहे, तसा वापर होताना दिसत नाही, सबब पुढच्या महिन्यात तपासणी होईल, आणि बाण सुटताना आढळला नाही तर मैदान काढून घेऊन तिथे वाहनतळ बांधला जाईल.

वाचून माझं डोकंच फिरलं. वापर दिसत नाही म्हणजे काय? मागच्या वर्षी धनुर्विद्येवर व्याख्यानमाला झाली. निबंध स्पर्धा झाली. अध्यक्षांचा सत्कार झाला आणि त्या सत्काराबद्दल आभार मानायला वेगळी सभाही झाली. आता बाण प्रत्यक्ष सुटला नाही हे खरं, मी चिटणीस झाल्यापासून तर नाहीच, पण त्याबद्दल आजवर एकाही सभासदाने तक्रार केलेली नाही.

संध्याकाळी मंडळाच्या खोलीत एकटाच बसलो. इथे लिहून टाकतो, कारण दुसरीकडे कुठे बोलण्यासारखं नाही. आमची ही गेल्यापासून दिवस कसाही ढकलता येतो, पण संध्याकाळ सरत नाही. ऊन उतरलं की मी मैदानावर येतो, खोली उघडतो, खुर्च्या पुसतो आणि खिडकीतून गवताकडे बघत बसतो. बाकी काही करत नाही. पण हे मैदान गेलं तर संध्याकाळी मी जाऊ कुठे?

५ ऑक्टोबर

अध्यक्षांच्या घरी गेलो. ते मुळीच डगमगले नाहीत. मी नोटीस वाचून दाखवायला घेतली तर पुढचा मजकूर त्यांनीच पुरा केला, जवळजवळ शब्दशः. मंडळाकडे इतकं बारीक लक्ष दुसरं कोण देतं?

मी म्हटलं, "साहेब, खेळाच्या दुकानातून एखादं धनुष्य आणूया का? दोन दिवसांचं काम."

साहेबांनी चष्मा काढून ठेवला. "चिटणीस, भिंतीवर संस्थापकांचं धनुष्य असताना तुम्ही दुकानात जाणार? सुटला तर बाण त्याच धनुष्यातून सुटेल. नाही सुटला तर नाही सुटला."

मला भरून आलं. तत्त्व म्हणजे तत्त्व.

त्यांचा बांधकामवाला भाचाही तिथेच होता. त्याने लगेच मैदानाचं माप घ्यायला चलण्याचा आग्रह केला. तपासणीच्या दिवशी व्यासपीठ लागेल ना, म्हणाला. मी टेपचं दुसरं टोक धरून गवतातून फिरलो, पायात कुसळं गेली. व्यासपीठ चांगलंच ऐसपैस होणार असं दिसतं, कारण मैदानाच्या चारही बाजू त्यात आल्या.

८ ऑक्टोबर

कार्यकारिणीची तातडीची सभा. संस्थापकांचं धनुष्य भिंतीवरच्या काचेच्या पेटीतून खाली काढलं. किल्ली सापडेना, तेव्हा खजिनदारांनी पेचकसाने बिजागरीच काढली. ही पेटी त्यांनीच तरुणपणी बसवली होती आणि धनुष्यावर दोरीही त्यांनीच चढवली होती. "एका हाताने चढवली बरं का!" हे ते दरवर्षी वार्षिक सभेत सांगतात. आजही सांगितलं आणि हात वर करून दाखवला. कोणता हात ते मात्र दरवर्षी बदलतं.

धनुष्य लाकडाचं आहे, अंगाने सडपातळ, मधे मूठ, दोन्ही टोकांना खाचा. वरची धूळ मी फडक्याने पुसली तर खाली मधासारखा रंग निघाला. मी मंडळाचा इतकी वर्षं चिटणीस, पण धनुष्य हातात धरण्याची वेळ आज पहिल्यांदा आली. वजनाला इतकं हलकं असेल असं वाटलं नव्हतं.

ते पुन्हा चालतं करण्याची जबाबदारी कुणावर टाकायची यावर बराच खल झाला. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "चिटणीसांवरच टाका. त्यांना यातलं काहीही कळत नाही, म्हणजे मनात पूर्वग्रह नाहीत."

ठराव एकमताने मंजूर. मान मोठा आहे. झोप लागेल असं वाटत नाही.

९ ऑक्टोबर

धनुष्य चादरीत गुंडाळून घरी आणलं. घरी मी आणि आत्या. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. शाळेत गणित शिकवायची, आता सगळ्यांना सगळंच शिकवते. एकेकाळी ती मंडळात स्वतः संस्थापकांच्या हाताखाली तयार झाली होती. पण एका वार्षिक सभेत तिने अध्यक्षांना भर सभेत विचारलं, "तुम्ही आयुष्यात कधी धनुष्य धरलंय का?" तेव्हापासून ती निलंबित आहे. त्यानंतर तिने फाटकात पाऊल टाकलेलं नाही आणि पेटी बसली ती त्यानंतरच.

मी चादर सोडली. आत्याने चष्मा लावला, धनुष्य पाहिलं, आणि ती हसायला लागली. इतकी हसली की पलंगाचा कठडा धरून बसावं लागलं. मी पाणी आणून दिलं.

"ठोंब्या," (मी निवृत्त झालो तरी ती मला ठोंब्याच म्हणते) "हे उलटं आहे."

मी ते फिरवून धरलं.

"तसं नाही रे! दोरी उलट्या बाजूला चढवलीय. ह्या धनुष्याची दोरी काढली की ते मोकळेपणी पुढच्या बाजूला झुकतं. चढवताना त्याला त्याच्या मनाविरुद्ध मागे वाकवायचं असतं, चांगला घाम निघतो. तुमच्या त्या शहाण्याने त्याला ते ज्या बाजूला आधीच झुकलं होतं त्याच बाजूला दोरी बांधून टाकली. एका हाताने चढली म्हणे! चढणारच. त्यात चढवायचं काही नव्हतंच."

मग तिने माझ्या टेबलावरचा मंडळाचा कागद उचलला. त्यावर आमचं बोधचिन्ह आहे, पेटीतल्या धनुष्यावरून काढलेलं. तेच चषकांवर आहे, खुर्च्यांच्या पाठीवर आहे, फाटकावरच्या लोखंडी कमानीत तर माणसाहून मोठं आहे. आत्या म्हणाली, "इतकी वर्षं हे चित्र मी बघतेय. मला वाटायचं, चित्रकार गाढव आहे."

मी कागद उलटा फिरवून पाहिला.

१० ऑक्टोबर

आत्याने दोरी कात्रीने कापली. धनुष्य जराही हललं नाही, जसं होतं तसंच राहिलं. आत्याने ते हातात घेऊन डोळ्यांजवळ धरलं.

"ऐक," ती म्हणाली. "हे बरोबर चढवून टांगलं असतं ना, तर इतकी वर्षं ताणाखाली राहून मेलं असतं. लाकूड वाकलेलं राहायला शिकतं. मग त्याच्यात काही जोर उरत नाही. तुमच्या अडाणीपणाने ते वाचलंय. ते इतकी वर्षं नुसतं आराम करत होतं."

तिने धनुष्याच्या अंगावरून हात फिरवला. मी दुसरीकडे बघितलं, कारण तिचे डोळे ओले झाले होते आणि ते कुणी पाहिलेलं तिला चालत नाही.

१३ ऑक्टोबर

कामाला लागलो. म्हणजे आत्या खुर्चीत बसून हुकूम सोडते आणि मी धावतो. आधी कापसाचा बोळा धनुष्याच्या अंगावरून टोकापासून टोकापर्यंत फिरवला. कुठे चीर असेल तर कापसाचे तंतू अडकतात. एकदाच अडकले, तेव्हा माझा श्वासही अडकला, पण ती चीर नव्हती, खजिनदारांनी खिळा मारताना पाडलेला ओरखडा होता. मग जवसाचं तेल. अगदी थोडं, तळव्याने चोळून. "अंगाला लावतोस तसं लाव, वांगं तळतोस तसं नको." उन्हात ठेवायचं नाही, शेगडीजवळ ठेवायचं नाही. माझ्या कपाटाच्या वर आडवं ठेवलं आहे.

आत्याला उजवा खांदा वर उचलता येत नाही, म्हणून जे काही ओढायचं ते मीच ओढणार असं ठरलं. मी म्हटलं, माझी पाठ धरते. ती म्हणाली, "पाठ धरते कारण तिला दुसरं काही धरायला तू देत नाहीस."

१७ ऑक्टोबर

बाणांचा शोध घेतला. मंडळाच्या मालमत्तेत बाणांचा भाता आहे, पण त्यातले बाण वाळवीने खाल्ले, एक खिडकी उघडी ठेवायला लावलेला होता तो वाकला. सरळ असा एकच मिळाला. वार्षिक भाषणात तक्ते दाखवायला साहेब वापरतात तो. वर्षानुवर्षं साहेबांच्या हातात राहिल्याने तो नीट जपला गेला आहे. पिसं झडली होती, ती आत्याने नवी चिकटवली. साहेबांचा बाण म्हणून मी तो वेगळ्या फडक्यात ठेवला आहे.

२१ ऑक्टोबर

आजची सभा वादळी झाली. मी प्रामाणिकपणे कळवलं की दोरी उलट्या बाजूला चढवलेली होती आणि आता ती दुसऱ्या बाजूने चढवावी लागेल. खजिनदार लाल झाले. एक सभासद म्हणाले, मग कमानीचं काय? चषकांचं काय? खुर्च्यांचं काय?

अध्यक्ष अगदी शांत होते. म्हणाले, "बोधचिन्ह ही आपली ओळख आहे. धनुष्य बोधचिन्हाप्रमाणेच चालवलं पाहिजे. तसं मोडलं, तर आपण आपल्या ओळखीशी प्रामाणिक राहून मोडलं, असं तरी होईल."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, सवयीने. मग मला मैदान आठवलं आणि हात थांबले. ठरावाच्या विरुद्ध मी जन्मात गेलेलो नाही. पण ठरावाप्रमाणे गेलो तर धनुष्य पहिल्याच ओढीला मोडणार, हे आत्याने सांगितलं होतं. निर्णय उद्यावर ढकलावा अशी विनंती केली. ती मंजूर झाली, कारण चहा आला होता.

घरी येऊन आत्यापुढे रडगाणं गायलो. ती म्हणाली, "तुला कुणाला पटवायचं नाहीये, ठोंब्या. नुसतं कुणालातरी शाबासकी द्यायची आहे." आणि काय बोलायचं ते तिने मला घोकून घ्यायला लावलं.

२२ ऑक्टोबर

उभा राहिलो आणि घोकलेलं म्हणालो. "दोरी उलटी चढवल्यामुळेच धनुष्य इतकी वर्षं ताणावाचून सुरक्षित राहिलं. यामागे खजिनदारसाहेबांची दूरदृष्टी होती, हे आज तज्ज्ञांच्या तपासणीतून सिद्ध झालं आहे."

सगळ्यांनी खजिनदारांकडे पाहिलं. मग खजिनदार हळूच म्हणाले, "मी कधी बोललो नाही. पण तेव्हा माझ्या मनात तेच होतं."

दूरदृष्टीच्या अभिनंदनाचा ठराव एकमताने. संवर्धनाची मुदत संपल्याने दोरी आता सुलट चढवावी, असं उपकलम खजिनदारांनीच सुचवलं. कमान आहे तशीच राहील. ती रस्त्यावरून उलटी वाटली तरी मैदानातून पाहिली की सुलट दिसते, असं सर्वानुमते ठरलं. (येताना मी आत जाऊन पाहिलं. आतूनही उलटीच दिसते. पण ठराव झाला आहे.)

अध्यक्ष सभा संपण्याआधीच उठून गेले. रक्तदाब असेल.

२६ ऑक्टोबर

नवी दोरी. जाड सुताचे पदर एकत्र पिळून त्यांना मेण चोळलं. मी घरभर मेणाचे डाग पाडले. मग ती चढवली. धनुष्याचं एक टोक पायाशी अडवून, दुसरं मांडीमागून वाकवून, आत्या काठीने दाखवणार आणि मी करणार. त्याच्या मनाविरुद्ध वाकवणं म्हणजे काय ते कळलं. दोनदा सुटलं, एकदा माझ्या हनुवटीवर बसलं. तिसऱ्यांदा दोरीचा फास खाचेत गेला आणि धनुष्य उभं राहिलं. वेगळंच दिसत होतं. बोधचिन्हातल्यापेक्षा पुष्कळ देखणं, पण हे मी कुणाला बोलणार नाही.

आत्या म्हणाली, "आता याला जागं करायचं. दचकवायचं नाही." रोज थोडंसं ओढायचं, हळूच परत न्यायचं, रात्री दोरी उतरवून ठेवायची. दुसऱ्या दिवशी आणखी थोडं. आज बोटभर ओढलं. दंड थरथरला, तो धनुष्याचा नव्हे, माझा.

आणि एक गोष्ट तिने तीनतीनदा बजावली. ओढलेली दोरी रिकामी सोडायची नाही. बाण असेल तर सगळा जोर बाण घेऊन जातो. बाण नसेल तर तो जोर लाकडातच उरतो आणि लाकूड फुटतं. "कुणी कितीही मोठा असला तरी रिकामी सोडू द्यायची नाही. कळलं?"

३० ऑक्टोबर

अध्यक्ष स्वतः आमच्या घरी आले! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आत्या आत जाऊन बसली आणि दार लावून घेतलं. साहेबांना धनुष्याची फार काळजी. कसं चाललंय, कुठवर ओढतं, कशाने बिघडू शकतं, सगळं विचारलं. मी रिकाम्या दोरीचं सांगितलं.

"म्हणजे नुसती ओढून सोडली तर मोडतंच?"

"मोडतंच, साहेब."

"एकदाच सोडली तरी?"

"इतकं जुनं धनुष्य, एकदाही पुरे."

त्यांनी दीर्घ सुस्कारा सोडला. मग म्हणाले, तपासणीच्या दिवशी समारंभाची सुरुवात अध्यक्षांच्या हस्ते व्हावी, नंतर चिटणीसांनी बाण सोडावा. मी म्हटलं, यासारखं भाग्य नाही. जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. संस्थेसाठी जीव तुटणारी अशी माणसं आता राहिली नाहीत.

आत्याने दाराआडून सगळं ऐकलं होतं. "ठोंब्या, तू त्याला हे का सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं म्हणून."

तिने डोक्याला हात लावला. मग म्हणाली, "तपासणीच्या दिवशी मी येणार."

मी म्हटलं, तू निलंबित आहेस. ती म्हणाली, "सभासद म्हणून येत नाही. तपासायला येतेय."

३ नोव्हेंबर

आज पहाटे मैदानावर पहिला बाण सोडला. पेंढ्याच्या पोत्याकडे नेम धरला होता. बाण फाटकाच्या दिशेने गेला. पण गेला! दोरीतून निघून हवेत गेला, आणि माझ्या तोंडातून कसलातरी आवाज निघाला, जो मी लहानपणानंतर काढलेला नसावा. कुणी ऐकलं नाही ना म्हणून इकडेतिकडे पाहिलं. ही असती तर खिडकीत उभी राहून हसली असती. तिच्यासाठी आणखी एक सोडला, म्हणजे तोच उचलून आणून सोडला.

६ नोव्हेंबर

भाच्याने व्यासपीठाचा नकाशा दाखवला. चार मजली आहे. प्रत्येक मजल्यावर गाड्यांसाठी आखलेले चौकोन. मी म्हटलं, "एवढ्या गाड्या येणार म्हणजे मंडळाला चांगले दिवस येणार!" त्याने नकाशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग "हो काका" म्हणाला आणि नकाशा गुंडाळून घेतला. मुलगा जरा लाजराच आहे.

आत्याला हे सांगितलं तर तिने मला एक बिस्किट दिलं आणि केसांवरून हात फिरवला. का, ते कळलं नाही.

९ नोव्हेंबर

आज तपासणी झाली. क्रमाने लिहितो.

तपासणी अधिकारी बाई वेळेवर आल्या. हातात फळी, फळीला पेन बांधलेलं, चेहरा कोरा. सभासद झाडून हजर होते. आत्या आपली घडीची खुर्ची घेऊन आली आणि थेट पुढे, बाईंच्या शेजारी बसली. अध्यक्षांच्या कपाळावर आठ्या पडल्या, पण पाहुण्यांसमोर ते काही बोलले नाहीत.

मी सकाळी दोरी चढवून धनुष्य तयार ठेवलं होतं. बाण माझ्या हातात, फडक्यातून काढलेला. पलीकडे गवतात पेंढ्याचं पोतं, आणि त्याच्यामागे मोकळं मैदान.

अध्यक्षांनी भाषण केलं. मग धनुष्य हातात घेतलं आणि म्हणाले, "बाण सुटण्यापूर्वी, आपल्या परंपरेप्रमाणे, मी धनुष्याचा टणत्कार करणार आहे."

अशी परंपरा मला आठवेना. पण साहेबांना जास्त माहीत. त्यांनी धनुष्य उचललं, दोरी धरली आणि ओढायला सुरुवात केली. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं. साहेब विसरले! घरी आले तेव्हा मी इतकं सांगितलेलं, वयोमानाने पार विसरले! आता दोरी रिकामी सुटणार, धनुष्य फुटणार, मैदान जाणार, आणि दोष बिचाऱ्या साहेबांच्या माथी येणार.

इतक्या वर्षांत मी साहेबांचं वाक्यही मधे तोडलेलं नाही. पण आज मी ओरडलो, "सोडू नका!"

सगळे दचकले. साहेबही दचकले, आणि दचकून त्यांनी दोरी आणखीच ओढली. अर्ध्यावर आली. हात थरथरायला लागले, तोंड लाल. तेवढ्यात आत्याचा वर्गातला आवाज आला, "ठोंब्या, बाण!"

मी धावलो. साहेबांच्या बाजूने शिरून बाण त्यांच्या मुठीवर टेकवला आणि मागचं टोक दोरीत बसवलं. दोन्ही हातांनी आधार दिला. साहेबांचा कान माझ्या तोंडाशी होता.

"काढ तो बाण," साहेब कुजबुजले.

मी म्हटलं, "साहेब, बाण काढला तर धनुष्य मोडेल."

"काढ म्हणतो ना, मूर्खा!"

इतक्या वर्षांत साहेबांनी मला पहिल्यांदाच अरेतुरे केलं. आणीबाणीच्या वेळी अशी जवळीक निर्माण होते. पण ताणाखाली माणसाला आपण काय बोलतोय ते कळत नाही, म्हणून मी बाण काढला नाही. उलट नीट धरून पोत्याकडे वळवला आणि धीर दिला, "घाबरू नका साहेब, मी आहे. आता सोडा."

साहेबांची बोटं सुटली. त्यांनी सोडलं की सुटलं ते सांगता येणार नाही. दोरीचा आवाज झाला, स्वच्छ, गोल, मी पहाटे कधी काढू शकलो नव्हतो असा. बाण गेला आणि पेंढ्याच्या पोत्यात, जवळजवळ मध्यावर, जाऊन रुतला.

आत्या तेवढी टाळ्या वाजवत होती. मग सगळेच वाजवायला लागले.

अधिकारी बाई पोत्यापर्यंत चालत गेल्या, बाण हलवून पाहिला, परत आल्या आणि फळीवर लिहिताना म्हणाल्या, "बाण कुणी सोडला?"

आत्या म्हणाली, "अध्यक्षांनी. स्वतःच्या हातांनी. सगळ्यांनी पाहिलंय."

"या वयात?" बाईंचा कोरा चेहरा पहिल्यांदा हलला. "मग प्रश्नच नाही. वापर चालू आहे." आणि त्यांनी सही केली. साहेबांचं अभिनंदनही केलं. साहेबांनी हात पुढे केला, पण त्यांना मूठ उघडता येत नव्हती.

माझा जीव भांड्यात पडला. मी सगळ्यांदेखत रडलो. लाज वाटली नाही.

१२ नोव्हेंबर

साहेब फोन घेत नाहीत. खांदा धरला असणार. भाचा मैदानावर आला होता, कडेला ठोकलेल्या खुंट्या उपटत होता. मी म्हटलं, "अरे, व्यासपीठ नाही बांधायचं? एवढी मापं वाया जातील!" तो म्हणाला, "काका, तुम्ही खरंच..." आणि खुंट्या गाडीत टाकून निघून गेला. मी त्याला हात केला.

१९ नोव्हेंबर

कार्यकारिणीची सभा. अध्यक्ष गैरहजर. आत्याचं निलंबन एकमताने रद्द, कारण निलंबनाचा मूळ मुद्दाच (अध्यक्षांनी कधी धनुष्य धरलंय का) आता निकाली निघाला आहे. मग आत्यानेच सूचना मांडली की साहेबांच्या पराक्रमाची आठवण म्हणून फाटकापाशी दगडी पाटी बसवावी. 'हे मैदान अध्यक्षांनी स्वहस्ते बाण सोडून राखले. ते कायम खुले राहावे, ही त्यांची इच्छा.' खाली त्यांचं नाव.

मला सूचना इतकी आवडली की मी अनुमोदन द्यायला उभाच राहिलो. आत्या साहेबांविषयी मनात काही राग धरून बसली आहे असं मला इतकी वर्षं वाटायचं. माणसाला ओळखायला वेळ लागतो.

२४ नोव्हेंबर

साहेबांचा फोन आला, शेवटी. म्हणाले, पाटी बसवू नका. काय वाटेल ते करा पण पाटी नको. किती हा साधेपणा! मी म्हटलं, "साहेब, तुम्हाला प्रसिद्धी नको हे मला माहीत आहे. पण काही गोष्टी तुमच्यावर सोपवून चालत नाही." त्यांनी फोन ठेवला. भावना अनावर झाल्या असाव्यात.

आत्याला सांगितलं. तिने ताबडतोब दगडवाल्याला निरोप पाठवला, अक्षरं मोठी काढ. रस्त्यावरून, चालत्या गाडीतूनही वाचता आली पाहिजेत.

२ डिसेंबर

पाटी बसली. कमानीच्या खाली, नोटीस होती त्याच खांबाला. नोटिशीचा डिंक खरवडून काढला, मगच दगड बसला.

संध्याकाळी आत्या खुर्ची टाकून गवतात बसली आणि मी बाण सोडत राहिलो. नऊ-दहा चुकले. एक पोत्याला लागला, कडेला, पण लागला. फाटकाबाहेर साहेबांची गाडी थांबलेली दिसली. काच थोडी खाली होती. साहेब पाटी वाचत असावेत. मी धनुष्य उंचावून त्यांना अभिवादन केलं, गाडी एकदम निघून गेली.

"लाजतात," मी म्हटलं.

"हो रे," आत्या म्हणाली. "फार लाजतोय बिचारा." आणि पदर तोंडाला लावून खोकली. हवेत गारवा आला आहे, उद्यापासून तिला शाल आणायला सांगितलं पाहिजे.

अंधार पडायला लागला तेव्हा दोरी उतरवली. धनुष्य पुढे झुकून त्याच्या मनासारखं झालं. पेटीत परत ठेवलं नाही. मंडळाच्या खोलीत खुंटीवर ठेवलं आहे, हाताला येईल असं. उद्या संध्याकाळी लागणार आहे.